आकड्याचा ठावठिकाणा

ज्या शहरी कुटुंबाचा गांवाकडील जमिनीशीं अद्याप कांहीं लागाबांधा उरला आहे, त्या कुटुंबाच्या कपाटांत सातबाऱ्याचा एखादा जुना उतारा हटकून सांपडतो. वाटणीचा किंवा विक्रीचा प्रसंग आला म्हणजे तो बाहेर निघतो. पाहणारे प्रथम नांव पाहतात, मग क्षेत्र, मग आकार. नांवाच्या शेजारीं वर्तुळांत कोंडलेला जो एक लहानसा आकडा असतो, त्याच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. त्या आकड्यानें जमीन मोजलेली नसते, कीं पैसाहि मोजलेला नसतो. फेरफाराच्या वहींत अमुक क्रमांकाची नोंद काढून पाहा, हें नांव या जागीं कां आलें तें तेथें लिहिलें आहे, एवढेंच तो सांगत असतो. उताऱ्याचें नांवसुद्धां याच जातीचें आहे. सात म्हणजे गांव नमुना सात आणि बारा म्हणजे गांव नमुना बारा. पहिल्यांत हक्क, दुसऱ्यांत पिकें. एका ठिकाणच्या आकड्यानें दुसऱ्या ठिकाणाकडे बोट दाखवावें, या साध्या युक्तीवर महाराष्ट्रांतील जमिनीचें सारें दप्तर उभें आहे.

हीच युक्ति आज कचेऱ्यांत, बँकांत आणि घरोघरच्या जमाखर्चांत निराळ्या वेषानें वावरत आहे. संगणकाच्या पडद्यावर आडव्या ओळी व उभे रकाने यांचा जो अफाट तक्ता उघडतो, आणि ज्यास स्प्रेडशीट म्हणतात, त्यांतील प्रत्येक घराला पत्ता असतो. रकान्याला रोमन अक्षर, ओळीला अंक. बी हा रकाना आणि सातवी ओळ जेथें मिळतात तें घर बी-७. सूत्र लिहितांना त्या घरांत आज कोणता आकडा बसला आहे तें लिहावयाचें नसतें, घराचा पत्ता लिहावयाचा असतो. मग घरांतला आकडा उद्यां बदलला तरी त्याच्याकडे बोट दाखविणारीं सगळीं घरें आपोआप नवें उत्तर देतात. १९७९ सालीं अमेरिकेंत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनीं ‘व्हिसिकॅल्क’ या नांवानें असा तक्ता प्रथम बाजारांत आणला. ब्रिकलिन हार्वर्ड विद्यापीठांत व्यापारशास्त्र शिकत होता. फळ्यावर मांडलेल्या तक्त्यांतील एक आकडा बदलला कीं प्राध्यापकाला पुढचे सारे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत, तें पाहून त्याला ही कल्पना सुचली. त्या पहिल्या तक्त्यांत ६३ रकाने आणि २५४ ओळी होत्या. आजच्या एक्सेलमध्यें १६,३८४ रकाने आणि १०,४८,५७६ ओळी मावतात. पत्ता सांगण्याची रीत मात्र फारशी बदललेली नाहीं.

आकड्याला पत्ता नसला म्हणजे काय अनर्थ होतो, याचा अनुभव संगणकाच्या फार पूर्वीं अहमदनगर जिल्ह्यानें घेतला. २०२४ सालापासून या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे. पुढील हकीकत जुन्या नांवाच्या काळांतली असल्यामुळें येथें नगर असेंच म्हटलें आहे.

पेशवाईच्या अखेरीपर्यंत देशावरच्या गांवांत शेताला नंबर नव्हता, नांव होतें. गांवच्या जमिनीचे मोठाले भाग पडत, त्यांना थळें म्हणत, आणि थळाला बहुधा तें प्रथम वहिवाटीस आणणाऱ्या घराण्याचें नांव असे. कोणत्या थळांत कोणाची किती जमीन, याची यादी म्हणजे थळझाडा. घराणें निर्वंश झालें किंवा देशोधडीस लागलें म्हणजे त्याच्या जमिनीस गतकुळाची जमीन म्हणत. पण थळाचें नांव कोणी पुसत नसे. माणसें गेलीं तरी पत्ता राहिला. संगणकावरील तक्त्यांतहि घरांच्या एखाद्या समूहाला असें नांव देतां येतें, आणि पुढें सूत्रांत अक्षर-अंकांऐवजीं तें नांव लिहिलें तरी चालतें. ही सोय बऱ्याच कारकुनांना ठाऊक नसते. थळझाडा लिहिणाऱ्या कुलकर्ण्याला ती नवी वाटली नसती.

खरेदीखत किंवा गहाणखत करावयाचें झाल्यास केवळ थळ सांगून भागत नसे. तेथें चतुःसीमा लिहीत: पूर्वेस अमक्याचें शेत, पश्चिमेस ओढा, उत्तरेस गाडीवाट, दक्षिणेस तमक्याची बाग. ही रीत माणसाच्या बोलण्याला जवळची आहे, आणि म्हणूनच तींत एक खोड आहे. शेजाऱ्यानें शेत विकलें, ओढ्यानें पात्र बदललें, गाडीवाट मोडली, कीं पत्ताच हालतो. असा पत्ता सापेक्ष असतो. तो ज्याच्या आधारावर सांगितला तें हाललें कीं तोहि हालतो.

इंग्रजी अंमलांत ही स्थिति पालटली. प्रिंगल याची पहिली मोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत नव्या मोजणीस आरंभ केला. १८४७ च्या संयुक्त अहवालानें तिचे नियम ठरले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती नगर जिल्ह्याच्या तालुक्यांतून फिरली. एका बैलजोडीच्या आवाक्यांतील जमीन हें साधारण माप धरून शेतें पाडलीं, कोपऱ्यांवर दगड रोवले, आणि प्रत्येकास गांवापुरता एक नंबर दिला. मालक कोण, शेजारी कोण, पीक कोणतें, यांशीं त्या नंबराला कर्तव्य नव्हतें. शेताला अचल पत्ता मिळाला तो तेव्हां.

सापेक्ष आणि अचल यांतील हा भेद स्प्रेडशीट शिकणारास पहिल्या आठवड्यांतच भोंवतो. समजा, एका तलाठ्यानें तक्ता मांडला. ए रकान्यांत शेताचा नंबर, बी मध्यें क्षेत्र, सी मध्यें एकरी दर, आणि डी-२ या घरांत ‘बी-२ गुणिले सी-२’ असें सूत्र. तें सूत्र खालच्या ओळींत उतरविलें कीं तें आपण होऊन ‘बी-३ गुणिले सी-३’ होतें. कारण मनांतून त्याचा अर्थ ‘माझ्या डावीकडील दोन घरें’ असाच असतो. चतुःसीमेची ही शुद्ध रीत होय, आणि येथें ती उपयोगी पडते. आतां त्यानें उपकराचा दर एकाच ठिकाणीं, एफ-१ या घरांत, लिहून ठेवला आणि ई-२ मध्यें ‘डी-२ गुणिले एफ-१’ असें सूत्र घातलें. पहिल्या शेताचा उपकर बरोबर येतो. सूत्र खालीं उतरवितांच दुसऱ्या शेतासाठीं तें एफ-२ कडे पाहूं लागतें, तेथें कांहींच नसतें, आणि साऱ्या गांवाचा उपकर शून्य होतो. उपाय एवढाच कीं एफ आणि १ या दोहोंच्या आधीं डॉलरचें चिन्ह घालावें. त्या चिन्हाचा पैशाशीं कांहीं संबंध नाहीं. तो कोपऱ्यावर रोवलेला दगड आहे. सूत्र कोठेंहि न्या, तें त्याच घराकडे पाहील.

दगड रोवले गेले ते शेतांच्या कोपऱ्यांवर. शेतकऱ्याच्या कर्जाला अद्याप पत्ता नव्हता.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्यान्वयें साध्या, नोंदणी न झालेल्या रोख्याची मुदत तीन वर्षांची ठरली. कुळाचें संरक्षण व्हावें हा हेतु होता, झालें उलटें. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार नवा रोखा लिहून घेई, आणि मागचें व्याज नव्या रोख्यांत मुद्दल होऊन बसे. नमुन्यादाखल हिशेब करून पाहावा. ५० रुपये, दरमहा शेंकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांचें व्याज ३६, म्हणून नवा रोखा ८६ चा. पुढील तीन वर्षांनीं तो सुमारें १४८ चा होतो, आणि नवव्या वर्षाअखेर सुमारें २५५ चा. सरळ व्याजानें हीच रक्कम १५८ झाली असती. पण गोम निव्वळ रकमेंत नाहीं. २५५ रुपयांच्या त्या रोख्यावर पन्नासाचा मागमूसहि नसतो. मध्यें कुळानें धान्य घातलें असेल, कांहीं भरणा केला असेल, तर तो कोठें वळता झाला हें रोखा सांगत नाहीं. सावकाराच्या वहींत ‘मागील बाकी’ असा शब्द असतो. मागील म्हणजे कोठली, तें वहीवाल्यालाच ठाऊक. संगणकावर सूत्र पुसून केवळ त्याचें उत्तर चिकटवितां येतें, त्याला ‘पेस्ट व्हॅल्यूज’ म्हणतात. आकडा तोच राहतो, पण तो कसा आला हें विचारण्याची वाट बंद होते. दर तीन वर्षांनीं रोख्याचें हेंच होत असे.

अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले, त्यापुढील वर्षांत अनेक तालुक्यांत जमिनीचा आकार वाढला, आणि सावकारांनीं हात आंखडता घेतला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा झाला. तो लवकरच नगर जिल्ह्यांत पारनेर, श्रीगोंदें, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पोंचला. या दंग्यांचें एक लक्षण चौकशी समितीनेंहि नमूद केलें आहे: जमावाचा रोख मुख्यतः रोखे, हुकूमनामे आणि खतें यांवर होता. जेथें सावकारानें कागद मुकाट्यानें काढून दिले, तेथें बहुधा पुढें कांहीं झालें नाहीं. जे कागद वाचतां येत नव्हते आणि ज्यांना कांहीं विचारतांहि येत नव्हतें, ते शेतकऱ्यांनीं जाळले. निरक्षरांचा तो अविचार होता असें पुष्कळांनीं लिहून ठेवलें आहे. त्या कागदांची रचना पाहिली म्हणजे हें मत पुरतें पटत नाहीं. ज्या आकड्याचा माग काढण्याची सोयच ठेवलेली नाहीं, त्याच्याशीं वाद कसा घालणार?

सरकारनें दंगा मोडला, पण १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदाहि केला. तो आरंभीं पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्यानें न्यायाधीशास असें सांगितलें कीं रोख्यावरचा आकडा तसाच धरूं नये. व्यवहार जेथें सुरू झाला तेथपर्यंत मागें जावें, मुद्दल आणि व्याज निरनिराळें मांडावें, आणि व्याजाचें मुद्दल करून घातलेली रक्कम मुद्दलांत धरूं नये. म्हणजे पुसून टाकलेलें सूत्र कोर्टानें नव्यानें उभें करावयाचें. हें काम किती अवघड, तें हिशेबाची एखादी जुनी फाइल वारसानें चालविण्याचा ज्यांनीं प्रयत्न केला आहे त्यांस सांगावयास नको.

जमिनीच्या हक्काविषयींहि अशीच उणीव होती. मोजणीच्या दप्तरांत सारा कोणी भरावयाचा त्याचें नांव असे. गहाण, वाटणी, तोंडी विक्री, वारसा यांचा पत्ता लागत नसे. १९०३ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यानें हक्कनोंदणी सुरू झाली, १९१३ सालीं ती जमीन महसुलाच्या मुख्य कायद्यांत गोंवली गेली, आणि पुढें गांव नमुन्यांची जी मालिका स्थिर झाली तींत या नोंदणीची खरी करामत आहे. प्रत्येक नमुन्यास क्रमांक, आणि नमुने एकमेकांकडे पाहणारे. सहावा नमुना फेरफारांचा; त्यांत घटना घडेल त्या क्रमानें नोंदी होतात. सातवा नमुना शेतावार, आठ-अ माणसावार. शेत ठाऊक असेल तर सातवर माणूस सांपडतो. माणूस ठाऊक असेल तर आठ-अ वर त्याचीं सारीं शेतें सांपडतात. रोजकीर्दींत खतावणीचें पान नोंदविणाऱ्या कोणाहि दुकानदाराला ही रचना परकी वाटणार नाहीं. फरक इतकाच कीं येथें वही सावकाराच्या पेटींत राहत नाहीं. तिची नक्कल मागण्याचा अधिकार लोकांस आहे.

सातवर कोणतेंहि नांव कारणावांचून चढत नाहीं. आज १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाप्रमाणें खातेदार मरण पावला कीं वारसांनीं तीन महिन्यांच्या आंत वर्दी द्यावयाची असते. तिची नोंद सहाव्या नमुन्यांत होते आणि तिला क्रमांक पडतो. नोंदीची प्रत चावडीवर लागते, संबंधितांना नोटीस जाते. कोणी हरकत घेतली तर ती सहा-अ मध्यें उतरते. नोंद प्रमाणित झाल्यावर मगच सातवर अंमल दिला जातो. हस्तलिखित उताऱ्यांत जुनें नांव खोडीत नसत, त्याला कंस करीत; आणि नव्या नांवापुढें फेरफाराचा तो वर्तुळांतला क्रमांक लिहीत. कंसांतलें नांव वाचतां येई, क्रमांक धरून कारणहि शोधतां येई. पुसणें आणि कंस करणें यांत किती अंतर आहे, तें ज्यानें रोख्यांचा इतिहास पाहिला त्यालाच कळावें.

या लहानशा क्रमांकावर कधीं कधीं सारी इस्टेट टांगलेली असते. जुन्या उताऱ्यांवर पुष्कळदां थोरल्या भावाचें एकट्याचेंच नांव असून त्यापुढें ‘ए. कु. म्या.’ अशीं अक्षरें असतात. त्यांचा अर्थ एकत्र कुटुंबाचा म्यानेजर. धाकटे भाऊ किती, त्यांचीं नांवें काय, हें सातवर नसतें. तें सहाव्या नमुन्यांतील त्या नोंदींत असतें. थोरला वारला, त्याचे मुलगे वारस म्हणून लागले, आणि मधल्या एखाद्या नकलेंत तीं तीन अक्षरें व तो क्रमांक गळाला, तर धाकट्या भावाची विधवा कागदावरून नाहींशी होते. तिचा हक्क नाहींसा होत नाहीं, पण सातवरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी असा कायदा आहे. म्हणून सिद्ध करण्याचा भार तिच्यावर पडतो. तिला आधार एकच: तो जुना फेरफार क्रमांक. तो सांपडला तर सहाव्या नमुन्यांतली ओळ सांपडते, आणि त्या ओळींत तिच्या नवऱ्याचें नांव असतें. याच्या उलट प्रकारहि घडतो. नोंद सहावर झाली, प्रमाणितहि झाली, पण सातवर अंमल देण्याचें राहून गेलें. तेथें ओळ आहे, पण तिच्याकडे बोट दाखविणारें घर नाहीं.

सर्वांत मोठी उलथापालथ १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्यानंतर झाली. विखुरलेल्या तुकड्यांची अदलाबदल करून सलग गट पाडावयाचे, ही त्यामागची कल्पना. नगर जिल्ह्यांतील पुष्कळ गांवांत ती योजना लागू झाली, आणि तेथें आज जमीन सर्व्हे नंबरानें नव्हे, गट नंबरानें ओळखली जाते. ओळींचे क्रमांकच बदलले. संगणकावरील तक्त्यांत मध्येंच एक ओळ घातली तर तिच्याखालील घरांचे पत्ते सरकतात, आणि सूत्रेंहि त्या सरकण्याबरोबर आपले पत्ते दुरुस्त करून घेतात. ओळ समूळ काढून टाकली मात्र सूत्राच्या जागीं ‘रेफ’ असा शेरा उमटतो. मराठी वाचकास रेफ म्हटला कीं अक्षराच्या माथ्यावरचा र आठवेल. येथें त्याचा अर्थ, ज्याचा पत्ता दिला होता तें घरच उरलें नाहीं. निदान यंत्र तसें सांगतें तरी. गांवच्या दप्तरांत असा शेरा कोणी मारीत नाहीं. १९३० सालच्या खरेदीखतांतील सर्व्हे नंबर खतांत तसाच राहतो, आणि त्याच अंकाचा गट नंबर आज गांवाच्या दुसऱ्या टोंकाला असूं शकतो. अंक जुळतो आणि शेत चुकतें, यासारखी फसगत दुसरी नाहीं. म्हणून एकत्रीकरणाच्या योजनेचे जुना नंबर व नवा गट यांचा मेळ दाखविणारे कागद फार मोलाचे. ते हातीं असल्याशिवाय जुन्या खतांतून आजच्या शेतापर्यंत पोंचणें कठीण. आजच्या खरेदीखतांतहि गट नंबर लिहून झाल्यावर चतुःसीमा लिहितात, ती गंमत म्हणून नव्हे. एक पत्ता हालला तर दुसरा असावा.

पुढें हें सारें दप्तर संगणकावर गेलें. हातानें लिहिलेले उतारे टंकून घेतांना नांवें, क्षेत्रें आणि फेरफार क्रमांक यांत चुका झाल्या. त्या शोधण्यासाठीं २०१७ सालीं राज्यभर गांवोगांव चावडीवाचन झालें, म्हणजे टंकलेला सातबारा गांवकऱ्यांस मोठ्यानें वाचून दाखवून हस्तलिखिताशीं पडताळण्यांत आला. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा लोकांस घरबसल्या मिळूं लागला. वर्तुळाच्या जागीं कंस आला आणि क्रमांक कंसांत बसला. कांहीं उताऱ्यांच्या तळाशीं जुन्या फेरफार क्रमांकांची लांबलचक रांग दिसते. घरांतील वडीलधाऱ्यांनीं ती रांग एकदां कागदावर उतरवून ठेवावी, आणि तहसील कचेरींतून त्या त्या फेरफारांच्या नकला मागवाव्या. वाटणीची बोलणीं सुरू होण्यापूर्वीं केलेलें हें काम स्वस्तांत होतें.

नकला आल्यावर एक अडचण उभी राहते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील अनेक फेरफार मोडींत लिहिलेले आहेत, आणि मोडी सरकारी व्यवहारांतून जाऊन आतां बराच काळ लोटला आहे. २०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधासाठीं राज्यांतील जुनीं दप्तरें उघडण्यांत आलीं, तेव्हां मोडी वाचणारे एकाएकीं हवेसे झाले आणि ते किती थोडे उरले आहेत हें सर्वांस दिसलें. पारनेर किंवा श्रीगोंदें तालुक्यांतील एखाद्या उताऱ्यावरचा शंभर वर्षांपूर्वींचा क्रमांक आजहि माणसाला बरोबर त्या वहीच्या त्या ओळीवर नेऊन पोंचवितो. ओळ जागच्या जागीं असते, शाईहि बहुधा शाबूत असते, आणि दप्तर काढून देणारा कारकून मोडीचा जाणकार कोणत्या वारीं येतो तें सांगतो.